थॉमस मिजली: दोन शोध आणि राहून गेलेली टेस्ट

गेल्या मे महिन्यात आमच्या घरचा फ्रिज बंद पडला. ऐन उन्हाळ्यात. किचनभर पाणी, दूध नासलेलं आणि आईचा पारा चढलेला. मेकॅनिक दादा आले, फ्रिज पुढे ओढला आणि मोबाईलचा टॉर्च मारून मागचं स्टिकर वाचलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आत कोणता गॅस आहे. स्टिकरवर आर ६००ए असं लिहिलं होतं. ते बघून त्यांनी आधी शेगडी बंद करायला सांगितली, खिडक्या उघडल्या आणि मगच हत्यारं बाहेर काढली. हा गॅस पेट घेतो, म्हणून एवढी काळजी.

मला गंमत वाटली. पेट घेणारा गॅस फ्रिजमध्ये कशाला भरायचा? न पेटणारा गॅस कोणी शोधलाच नाही का? तिथेच स्टुलावर बसून मी सर्च केलं आणि पोचलो थेट १९२८ सालात, एका अमेरिकन माणसापाशी. त्याचं नाव थॉमस मिजली ज्युनिअर.

हे नाव कदाचित तुम्हीही ऐकलं असेल. एकट्याने पृथ्वीचं सगळ्यात जास्त नुकसान करणारा माणूस, अशा टायटलच्या रील्स फिरत असतात. खरं सांगतो, तशी एक रील मीसुद्धा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केली होती. पण नीट वाचायला बसलो तेव्हा कळलं, की रीलमध्ये गोष्ट अर्धीच आहे. मिजलींनी जगाला दोन केमिकल्स दिली. दोन्हींनी प्रचंड नुकसान केलं, हे खरं. पण दोन्ही वेळची चूक एकसारखी नव्हती. एका वेळी योग्य प्रश्न विचारला गेला होता आणि तो बाजूला सारला गेला. दुसऱ्या वेळी तो प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही.

आज एखादं नवीन केमिकल लॅबमध्ये तयार होत असतानाच ते माती, पाणी आणि हवेसाठी सुरक्षित आहे का, हे तपासलं जातं. ही तपासणी का लागते, ते समजून घ्यायचं असेल तर मिजलींच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण नाही. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

इंजिनिअर माणूस केमिस्ट कसा झाला?

मिजलींचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक वृत्तीचे होते, टायरच्या धंद्यात होते. मुलाने कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. लक्षात घ्या, केमिस्ट्रीची नाही, मेकॅनिकलची. केमिस्ट्री ते पुढे गरजेपोटी, काम करता करता शिकले.

१९१६ साली ते ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली कामाला लागले. केटरिंग म्हणजे मोटारीचा इलेक्ट्रिक स्टार्टर बनवणारे संशोधक. त्यांची लॅब पुढे जनरल मोटर्स कंपनीत सामील झाली आणि मिजलीही त्या कंपनीचे झाले.

त्यांना पहिलं मोठं काम मिळालं ते इंजिनच्या नॉकिंगचं. बाईकवर चढ चढताना इंजिनमधून टकटक आवाज येतो, तो तुम्ही ऐकला असेल. सिलिंडरमधलं पेट्रोल ठरलेल्या क्षणी नीट जळायच्या ऐवजी भलत्याच वेळी भडकतं. ताकद वाया जाते, इंजिन खराब होतं. त्या काळच्या हलक्या पेट्रोलमुळे हा त्रास सगळ्याच गाड्यांना होता.

आता इथे एक मजेदार किस्सा आहे. केटरिंग आणि मिजली यांना एक रानफूल आठवलं. त्याची पानं मागून लालसर असतात आणि ते बर्फातही लवकर फुलतं. त्यांनी अंदाज केला, की लाल रंग उष्णता जास्त शोषतो, मग पेट्रोल लाल केलं तर? लाल रंग देण्यासाठी स्टोअरमध्ये हाताला लागलं आयोडीन. ते टाकलं आणि नॉकिंग खरंच कमी झालं! मग मिजलींनी दुसरे लाल रंग टाकून बघितले, तर काहीच फरक नाही. उलट आयोडीनचं रंगहीन संयुग टाकलं, तर ते चाललं. म्हणजे अंदाज साफ चुकीचा, पण उत्तर हाताशी. रंगाचा काही संबंध नव्हता, करामत पदार्थाचीच होती.

हा किस्सा मी मुद्दाम सांगतोय. हा माणूस आळशी किंवा बेफिकीर नव्हता. स्वतःचा लाडका अंदाज खोटा ठरवणारी टेस्ट तो स्वतःच करत होता. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

९ डिसेंबर १९२१: शिसं सापडलं

आयोडीन महाग होतं आणि इंजिन गंजवत होतं. मग शोध सुरू झाला. अॅनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमच्या संयुगांना इतका घाण वास यायचा, की तो कपड्यांतून जाता जात नसे. शेवटी मिजलींनी आवर्त सारणीचा आधार घेतला. हो, तीच दहावीतली पिरिऑडिक टेबल. कोणत्या गटात खाली उतरलं की परिणाम वाढतो, ते बघत बघत ते कार्बनच्या गटात कथिलापर्यंत आले आणि तिथून सगळ्यात खाली असलेल्या शिशापर्यंत.

९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं संयुग इंजिनमध्ये टाकलं आणि टकटक थांबली. एका गॅलनला, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर पेट्रोलला, फक्त ३ मिलिलिटर पुरायचं. स्वस्त, प्रभावी आणि पेटंट घेण्याजोगं.

पण एक अडचण होती. जळल्यावर शिसं इंजिनच्या आत साचायचं आणि प्लग, व्हॉल्व्ह खराब करायचं. त्यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचं एक संयुग मिसळलं गेलं. त्याच्याशी शिशाचा संयोग होऊन ते धुरातून बाहेर निघून जायचं. इंजिन साफ!

इथे क्षणभर थांबा. शिसं इंजिनमध्ये राहू नये, हे बारकाईने तपासलं गेलं. त्यासाठी खास केमिकल शोधलं गेलं. ते बाहेर पडून जातं कुठे, ते मात्र तपासलं नाही. इंजिनच्या टेस्टमध्ये सायलेन्सरच्या पुढचं जग धरलेलंच नव्हतं.

प्रश्न विचारला होता, उत्तर आलं नाही

शिसं विषारी आहे, ही काही नवी माहिती नव्हती. रंग कारखान्यांतल्या आणि छापखान्यांतल्या कामगारांना शिशाचा त्रास होतो, हे डॉक्टरांना शेकडो वर्षं माहीत होतं. त्यामुळे विक्री सुरू होण्याआधीच, १९२२ साली, अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातून विचारणा झाली. गर्दीच्या रस्त्यांवर शिशाची धूळ साचून लोकांना धोका होणार नाही का?

उत्तर मिजलींनीच पाठवलं. त्याचा सारांश असा, की या मुद्द्याचा आम्ही गंभीरपणे विचार केला आहे, प्रत्यक्ष प्रयोगाचे आकडे अजून घेतलेले नाहीत, पण साध्या रस्त्यावर शिसं जाणवणारही नाही याची खात्री वाटते.

लाल रंगाचा अंदाज खोटा ठरवायला ज्याने टेस्टमागून टेस्ट केली, त्याच माणसाने इथे टेस्टशिवाय खात्री दिली. मला हे वाचून सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आणि त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी होते. १९२३ च्या सुरुवातीला सगळी कामं बाजूला ठेवून, मोकळ्या हवेसाठी ते फ्लोरिडाला गेले. त्याच फेब्रुवारीत डेटनच्या एका पंपावर शिसंयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. जाहिरातीत त्याचं नाव होतं फक्त एथिल. लेड हा शब्द गायब!

दुसरा पर्याय नव्हता का? होता. अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, मिसळलं तरी नॉकिंग कमी होतं. मिजलींनी स्वतः त्यावर प्रयोग केले होते. पण इथेनॉल खूप जास्त प्रमाणात मिसळावं लागायचं आणि कोणीही बनवू शकेल अशा त्या पदार्थाचं पेटंट घेऊन शिशासारखी कमाई होणार नव्हती. गंमत बघा, आज आपल्या पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, त्यातलं २० टक्के तेच इथेनॉल. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत बनतं तेच.

१९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कंपनी काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टँडर्ड ऑइलच्या न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात घात झाला. टेट्राएथिल लेड बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जणांचा मृत्यू झाला, कित्येक जण हॉस्पिटलमध्ये गेले. ड्युपाँट कंपनीच्या डीपवॉटर इथल्या कारखान्यातही मृत्यू झाले होते. तिथल्या कामगारांना नसलेले किडे हवेत उडताना दिसायचे, म्हणून त्या इमारतीला त्यांनी फुलपाखरांचं घर असं नाव पाडलं होतं.

पत्रकारांना शांत करण्यासाठी ३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली समोर आले. त्यांनी टेट्राएथिल लेडने हात धुतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. बघा, मला काही होत नाही!

आजच्या भाषेत सांगायचं तर हा डेमो होता, टेस्ट नव्हती. एका माणसाला एका मिनिटात काय होतं, ते यातून दिसलं. पण शिसं शरीरात हळूहळू साचतं. हाडांत जाऊन बसतं. लाखो गाड्यांतून रोज थोडं थोडं बाहेर पडलं आणि रस्त्याकडेच्या मुलांच्या श्वासातून वर्षानुवर्षं आत जात राहिलं तर काय, याचं उत्तर त्या मिनिटात मिळणारच नव्हतं.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला मोठी बैठक झाली आणि विक्री तात्पुरती थांबली. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी कडाडून विरोध केला. सरकारने समिती नेमली. समितीने सुमारे अडीचशे ड्रायव्हर आणि गॅरेज कामगार तपासले, तेही काही महिन्यांतच. जानेवारी १९२६ मध्ये निष्कर्ष आला, की बंदी घालण्याइतपत पुरावा नाही. मात्र पुढे जास्त काळ अभ्यास व्हायला हवा, असंही समितीने नोंदवलं होतं. तो अभ्यास पुढची काही दशकं मुख्यतः त्या उद्योगाच्याच पैशावर झाला. म्हणजे ज्याचा पेपर, त्यानेच तो तपासायचा!

खरी तपासणी आली ती अगदी अनपेक्षित दिशेने. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय मोजत होते. १९५६ साली त्यांनी ते सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं दाखवलं. पण मोजमाप करताना त्यांना जाणवलं, की लॅबच्या हवेत, पाण्यात, भांड्यांवर, सगळीकडे बाहेरून आलेलं शिसं आहे. पुढे ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांतही त्यांना तेच दिसलं. थर जितका नवा, तितकं शिसं जास्त. उद्योगाने त्यांना खूप विरोध केला, पण ते हटले नाहीत.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून शिसं कमी होत गेलं आणि १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. भारतात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल यायला लागलं आणि २००० साली देशभर शिसं बंद झालं. म्हणजे तुमचे आई-बाबा शाळा-कॉलेजात होते, तेव्हा ते ज्या रस्त्याने जायचे तिथल्या धुरात मिजलींचं शिसं होतं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली थांबला. शोधापासून बरोबर शंभर वर्षांनी!

फ्रिजची गोष्ट: टेस्ट केली आणि पासही झाली

आता येऊया आमच्या फ्रिजकडे. १९२० च्या दशकात घरगुती फ्रिज नवीन होते आणि धोकादायकही. आत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. गळती झाली की झोपेतली माणसं दगावायची. ही काळजी इतकी मोठी होती, की आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीसुद्धा गळणार नाही अशा फ्रिजचं पेटंट घेतलं होतं.

१९२८ साली केटरिंग यांनी मिजलींना काम दिलं. विषारी नाही, पेट घेत नाही आणि थंडावा देतो, असा गॅस शोधा. मिजली, अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी यांनी पुन्हा आवर्त सारणी उघडली. फ्लोरीनकडे त्यांचं लक्ष गेलं ते एका संदर्भग्रंथातल्या आकड्यामुळे. तो आकडा चुकीचा होता, पण दिशा बरोबर निघाली. अवघ्या काही दिवसांत त्यांनी एक संयुग बनवलं. कार्बनच्या एका अणूला क्लोरीनचे दोन आणि फ्लोरीनचे दोन अणू. आज त्याला सीएफसी-१२ म्हणतात. बाजारात ते फ्रिऑन नावाने आलं.

आणि बघा, या वेळी त्यांनी टेस्ट केली. बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालाच्या पाचच बाटल्या मिळाल्या होत्या. त्यातली एक उचलून गॅस बनवला आणि काचेच्या हंडीखाली गिनी पिगला त्यात ठेवलं. प्राणी अगदी मजेत! दुसऱ्या बाटलीपासून गॅस बनवला, तर प्राणी मेला. शोध घेतल्यावर कळलं, की पाचपैकी चार बाटल्यांतला माल ओलसर, अशुद्ध होता आणि त्यामुळे फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होत होता. पहिल्याच वेळी चुकीची बाटली हाती लागली असती, तर कदाचित त्यांनी नादच सोडला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा इथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलींनी पुन्हा डेमो दिला. गॅस छातीत भरून घेतला आणि हळूच फुंकर घालून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन गोष्टी दाखवल्या. माणूस जिवंत आहे आणि गॅस पेटत नाही.

या वेळी ते खरंच बरोबर होते. घरात, खोलीत, माणसाजवळ सीएफसी-१२ सुरक्षितच होतं. फ्रिजमुळे होणारे मृत्यू टळले. अन्न टिकू लागलं, औषधं टिकू लागली. हा आकडा कोणत्याच रीलमध्ये नसतो, पण फ्रिजने वाचवलेले जीवही खूप आहेत.

मग चुकलं कुठे?

जो गुण फ्रिजमध्ये हवा होता, तोच आकाशात घातक ठरला. सीएफसी कशाशीच अभिक्रिया करत नाही. पावसात विरघळत नाही, जंतू त्याला खात नाहीत, हवेत तुटत नाही. सीएफसी-१२ वातावरणात साधारण १०० वर्षं टिकतं. मग ते हळूहळू वर चढतं, ओझोनच्या थरापर्यंत. तिथे सूर्याच्या तीव्र अतिनील किरणांनी शेवटी ते तुटतं आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. असा एक अणू ओझोनचे सुमारे १ लाख रेणू नष्ट करू शकतो. आणि हाच ओझोन आपल्याला त्या किरणांपासून वाचवत असतो.

१९३० साली हे कोणाला कळणं शक्य होतं का? ओझोन वर कसा तयार होतो, याचा सिद्धांत सिडनी चॅपमन यांनी मांडला तोच मुळी १९३० च्या सुमारास. हवेतलं इतकं विरळ सीएफसी मोजायचं यंत्र जेम्स लव्हलॉक यांनी बनवलं ते १९५० च्या दशकात. १९७१ साली त्यांनी जहाजावरून मोजलं, तर भर समुद्रातसुद्धा सीएफसी सापडलं. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी ओझोनचा धोका मांडला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र असल्याचं जाहीर झालं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल करार झाला. म्हणून १६ सप्टेंबर हा ओझोन दिन.

म्हणजे शिशाच्या वेळी प्रश्न समोर होता, टेस्ट टाळली. सीएफसीच्या वेळी टेस्ट प्रामाणिकपणे केली, पण ती खोलीची टेस्ट होती, पृथ्वीची नाही.

आज मिजली असते तर लॅबमध्ये काय झालं असतं?

आज नवीन केमिकल थोड्याच ग्रॅममध्ये बनतं, तेव्हापासूनच त्याला तीन साधे प्रश्न विचारले जातात.

१. हे किती काळ टिकतं? सांडपाणी केंद्रातले जंतू आणि केमिकल पाण्यात एकत्र ठेवून साधारण २८ दिवस बघतात. जंतूंनी ते पुरेसं खाल्लं तर पास.

२. हे शरीरात साचतं का? ऑक्टॅनॉल नावाचं तेलासारखं द्रव आणि पाणी एकत्र घेतात, त्यात केमिकल टाकून ढवळतात. जे पाणी सोडून तेलाकडे पळतं, ते माशांच्या आणि आपल्या चरबीतही साचायची शक्यता जास्त.

३. हे कोणाला मारतं? शेवाळावर ७२ तास, डॅफ्निया नावाच्या पाण्यातल्या इवल्या जीवावर ४८ तास आणि माशांवर ९६ तास परिणाम बघतात. म्हणजे अन्नसाखळीच्या तीन पायऱ्या.

गॅससाठी चौथा प्रश्न असतो. तो हवेत किती वर्षं राहील, ओझोनला किती खाईल आणि पृथ्वी किती तापवेल?

यातलं बरंचसं आता केमिकल बनवण्याआधीच कॉम्प्युटरवर होतं. रेणूची रचना टाकायची, सॉफ्टवेअर ओळखीच्या रेणूंशी तुलना करून अंदाज देतं. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, पण धोक्याचा लाल दिवा लवकर लागतो. सीएफसी-१२ आज पहिल्याच आठवड्यात नापास झालं असतं. टेट्राएथिल लेडला तर कॉम्प्युटरही नको. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते तुटून तुटून शेवटी शिसंच राहणार.

सुरुवातीलाच का तपासायचं? कारण त्या टप्प्यावर रेणू बदलणं सोपं असतं. हा नाही तर शेजारचा. एकदा कारखाना उभा राहिला, कोट्यवधी फ्रिज विकले गेले, की तोच निर्णय अर्ध्या शतकाचा होतो.

आणि टेस्ट कोणी करायची, आकडे कोणाला दाखवायचे? शिशाच्या गोष्टीने शिकवलेला हा दुसरा धडा. युरोपात २००७ पासून नियम आहे, की वर्षाला १ टनापेक्षा जास्त केमिकल बनवायचं किंवा आणायचं तर कंपनीने आधी माहिती द्यायची. धोका आहे हे लोकांनी सिद्ध करायचं नाही, सुरक्षित वापराची माहिती बनवणाऱ्याने आणायची.

तरीही सगळं सुटलं असं समजू नका. आपल्या देशातलंच उदाहरण बघा. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध गुरांना चालतं. पण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं जवळपास संपली, कारण २००४ साली सापडलं. २००६ साली गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बनवण्यावर बंदी आली. गाईवर टेस्ट झाली होती, गाईनंतरच्या पाहुण्यावर नाही.

तुमच्या फोनचा काय संबंध?

आहे ना. १९८० च्या दशकात सर्किट बोर्ड साफ करायला सीएफसी-११३ वापरायचे. माँट्रिअल करारानंतर कंपन्यांनी ते सोडून पाण्याने धुण्याच्या आणि धुवावंच लागणार नाही अशा सोल्डरिंगच्या पद्धती शोधल्या. सोल्डरमधलं शिसंही २००६ पासून युरोपच्या नियमांमुळे मोठ्या प्रमाणावर गेलं. भारताच्या ई-कचरा नियमांतही शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणजे मिजलींच्या गोष्टीतली दोन्ही खलनायक केमिकल्स तुमच्या हातातल्या वस्तूच्या कारखान्यातूनही हद्दपार झाली आहेत.

फ्रिजचा प्रवास मात्र अजून चालू आहे. सीएफसी गेलं, त्याच्या जागी आर १३४ए आलं. ते ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. म्हणून २०१६ साली किगाली इथे अशा गॅसवरही मर्यादा ठरल्या. आता घरगुती फ्रिजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, येतं. ओझोनला धोका नाही, तापमानवाढ नगण्य, पण पेट घेतं. म्हणून थोडेच ग्रॅम भरतात आणि मेकॅनिक दादा शेगडी बंद करायला सांगतात. धोका दिसतो, मोजता येतो, सांभाळता येतो. मिजलींच्या गॅसचं नेमकं उलटं.

शेवटची वर्षं

मिजलींना हयातीत फक्त कौतुक मिळालं. शंभरहून जास्त पेटंट, १९३७ साली पर्किन पदक, १९४१ साली प्रिस्टली पदक आणि १९४४ साली अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपद. पण १९४० मध्ये, ५१ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. इंजिनिअर माणूस, गप्प कसा बसणार? पलंगावरून उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच यंत्रणेत त्यांचा मृत्यू झाला. रील्समध्ये या मृत्यूवर हसण्याचे इमोजी असतात. मला आता ते बघवत नाही.

सीएफसीने ओझोनचं काय केलं, हे कळायला त्यांच्या मृत्यूनंतर आणखी ३० वर्षं लागली. फ्रिजची गोष्ट त्यांच्या लेखी यशाचीच राहिली. शिशाबद्दल मात्र मी त्यांना सूट देत नाही. तिथे प्रश्न त्यांच्या टेबलावर होता.

ती रील मी ग्रुपमधून डिलीट केली. एका माणसाला खलनायक ठरवलं, की आपण सुटतो. तो वाईट होता, विषय संपला! पण उद्याचं केमिकल बनवणारा माणूसही हुशार, मेहनती आणि चांगल्या हेतूचा असणार. कदाचित तुमच्यापैकीच कोणीतरी असेल. त्याला अडवायला हेतू पुरत नाही. त्याने बनवलेली वस्तू वापरून झाल्यावर जाते कुठे आणि किती वर्षं तिथे राहते, हे विचारणारी टेस्ट लागते.

ओझोन सावरतोय, ही चांगली बातमी. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. तुमच्यापैकी बरेच जण ते बघायला असाल.

तोवर एक छोटं काम करा. फ्रिजच्या मागचं किंवा आतलं स्टिकर शोधा आणि कोणता गॅस आहे, ते वाचा. आर ६००ए असेल तर दुरुस्तीच्या वेळी शेगडी बंद आणि खिडकी उघडी. जुना फ्रिज मोडीत काढायचा असेल तर पाइप तोडून गॅस हवेत सोडू देऊ नका, गॅस काढून घेणाऱ्या अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या. फ्रिज घराबाहेर गेला तरी त्यातला गॅस आपल्याच आकाशात राहतो.